चार हजार वर्षांचा झेंडू

कौल लावायला गुरव देवीच्या पाषाणावर ओल्या तांबड्या पाकळ्या चिकटवत होता आणि पोंक्षे सर माझ्या कानाशी पुटपुटत होते, "बिरादार, डावीकडची आधी पडली तर?"

"तर परत जायचं, सर."

"तीस वर्षांनी इथवर आलो, आणि एक पाकळी पडली म्हणून परत जायचं?"

मी त्यांना गप्प बसायची खूण केली. आपल्या गुरूला असं गप्प करायची माझी ती पहिलीच वेळ, आणि गंमत म्हणजे ते बसलेही. पुण्याच्या प्रयोगशाळेत सरांच्या पुढ्यात मोठमोठ्यांची बोलती बंद व्हायची. इथं सावंतवाडीच्या पुढं, घाटाच्या पायथ्याशी, मळेखोल गावच्या सातेरीच्या देवळात मात्र त्यांची अवस्था दहावीच्या निकालाला आलेल्या पोरासारखी झाली होती.

त्याला कारणही तसंच होतं. देवळामागं सातेरीची देवराई होती आणि देवराईच्या पोटात एक दलदल. त्या दलदलीत सदाहरित जंगलातल्या रानजायफळाची जुनी झाडं उभी होती, मुळं गुडघ्यांसारखी चिखलातून वर आलेली. आम्हाला त्या चिखलात लोखंडी नळी खोलवर दाबून खालची माती काढायची होती. झाडांचे परागकण दर वर्षी चिखलात पडतात, तिथं हवा पोचत नाही, म्हणून ते हजारो वर्षं कुजत नाहीत. वरच्या थरात आजचं रान, त्याखाली पणजोबांच्या वेळचं, त्याखाली शिवाजी महाराजांच्या आधीचं, असं करत करत नळी जितकी खाली जाईल तितकं जुनं रान सूक्ष्मदर्शकाखाली येतं. आमचा धंदा म्हणजे ते कण ओळखायचे आणि मोजायचे. माझ्या आईला उदगीरमध्ये कुणी विचारलं की ती सांगायची, "आमची उज्ज्वला पुण्याला धूळ मोजते." तिचं काही फार चुकत नव्हतं.

सरांचा एकच प्रश्न होता. चार हजार वर्षांमागं आपल्याकडचा पाऊस आटला, तो शेकडो वर्षं आटलेलाच राहिला. त्या कोरड्या काळात इथली सदाहरित जंगलं पार मेली आणि नंतर दक्षिणेकडून नव्यानं आली, असं या विषयातली सगळी मोठी माणसं म्हणायची. सर म्हणायचे, सगळी नाही मेली. एखाद्या ओल्या खोलग्यात ती तग धरून राहिली आणि तिथूनच पुन्हा पसरली. पुरावा विचारला की सरांकडं नसायचा. परिषदेत ते बोलायला उभे राहिले की पहिल्या रांगेतली माणसं खोकायला लागायची. मी स्वतः ऐकलंय ते खोकणं. सर एप्रिलअखेर निवृत्त होणार होते. तेव्हा जे काही व्हायचं ते या चिखलातून, आणि याच वर्षी.

उजवीकडची पाकळी पडली. लोकांनी हात जोडले, सरांनीही जोडले. गावचे मानकरी दाजी गावकर आमच्याकडं वळून म्हणाले, "आई हो म्हणता. पन येकच भोक. देवीच्या अंगाक दुसरा भोक नाय."

सरांनी तत्काळ कबूल केलं. एकच तर हवं होतं.

दिवाळी नुकतीच झाली होती. कापणी उरकून भात घरात आलेलं, दारोदारी झेंडूची तोरणं सुकत असलेली. आम्ही दोघं आणि गावचे चार तगडे गडी दिवसभर त्या चिखलात होतो. नळी दाबायची, हातभर लांबीचा तुकडा भरून घ्यायचा, वर ओढायचा, बाजूला फळीवर नेऊन प्लास्टिकात गुंडाळायचा, पुन्हा त्याच भोकात आणखी खाली जायचं. सरांचा सोवळेपणा असा की तुकड्यावर माशी बसली तरी त्यांचा जीव खालीवर व्हायचा. गड्यांना विडी लांब जाऊन ओढायला लावली. माझ्या वेणीतला गजरा त्यांनी सकाळीच काढायला लावला होता. जाईचा पराग कशाला उगीच, म्हणाले.

दाजींची बायको भामाकाकी मात्र भोकाशेजारी एका मुळावर पाय दुमडून बसून होती. देवीचं काम आहे, घरचं बायकामाणूस हजर हवं, असं तिचं म्हणणं. पदर भरलेला होता, मला वाटलं चणेफुटाणे असतील. मी घसरून कमरेपर्यंत चिखलात गेले तेव्हा ती पोट धरून हसली आणि मग तिनंच मला हात देऊन वर काढलं. "तुज्या गावाक चिखल नाय काय गो?" तिनं विचारलं. आमच्याकडं प्यायचं पाणी टँकरनं येतं, चिखल कुठला, असं मी सांगितल्यावर ती हळहळली. संध्याकाळी तिनं आम्हाला तिरफळाची आमटी घातली, आणि दुसऱ्या दिवशी चिखलाच्या तुकड्यांची पेटी मांडीवर घेऊन आम्ही एसटीनं पुण्याला आलो.

पुढचे तीन महिने मी प्रयोगशाळेतच होते म्हटलं तरी चालेल. चिखल रसायनांत उकळायचा, गाळायचा, उरलेला थेंब काचेवर घ्यायचा आणि डोळा लावून बसायचं. वरचे थर झाले, मधले झाले. खालच्या एका तुकड्याचं वय दुसऱ्या संस्थेतून काढून आलं, चार हजार वर्षं. आम्हाला हवा होता नेमका तोच काळ. त्याच तुकड्याच्या वरच्या टोकाचा थेंब मी सूक्ष्मदर्शकाखाली घेतला आणि समोर भाताचे परागकण.

एक-दोन असते तर मी सोडून दिले असते, पण भरपूर होते. मी सरांना हाक मारली. सरांनी पाहिलं, पुन्हा पाहिलं, चष्मा पुसून पाहिलं. कोकणात चार हजार वर्षांमागं भातशेती! कुणाच्या स्वप्नातही नव्हतं असलं काही. सर एरवी कुणाला "बरं झालं" म्हणतानाही पैसे पडल्यासारखे मोजून म्हणायचे. त्या दिवशी त्यांनी शिपायापासून संचालकांपर्यंत सगळ्यांना पेढे वाटले. मार्चमध्ये मोठी परिषद होती, तिथं व्याख्यानाची वेळ मागून घेतली. ज्यांनी तीस वर्षं खोकून दाखवलं ते आता कान टवकारून ऐकणार होते. सरांच्या घरून मला पुरणपोळीचा डबा आला. त्यांच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "अगं, हे झोपेत हसतात हल्ली."

आणि मग मला झेंडू दिसला.

त्याच काचेच्या दुसऱ्या कोपऱ्यात होता. काटेरी गोल कण, त्यातही सुटे नव्हे, गठ्ठ्यानं. पराग वाऱ्यानं आला तर सुटा येतो. गठ्ठा आला म्हणजे फूलच्या फूल तिथं पडलेलं असतं. मी कपाटातल्या नमुन्यांशी ताडून पाहिला, एकदा नाही, सतरांदा. झेंडूच. आता झेंडू हे फूल आपल्याकडं आलं फिरंग्यांच्या जहाजांतून, चारशे वर्षांमागं. चार हजार वर्षांच्या चिखलात तो बसला कसा?

मी शीतपेटीतून त्याच तुकड्याचा न वापरलेला अर्धा भाग काढला आणि सुरीनं हलकेच उभा चिरला. वरच्या टोकाला, काळ्या चिखलात, नखाएवढी केशरी पाकळी. तिच्याशेजारी भाताचा एक दाणा, टरफलासकट, कालच कणगीतून काढल्यासारखा.

दुसरा तुकडा काढला, तिसरा काढला. प्रत्येकाच्या डोक्यावर तेच, फूल आणि भात. खाली काही नाही. आणि एकदम डोळ्यांसमोर भामाकाकीचा भरलेला पदर आला. चणेफुटाणे कसले! आम्ही तुकडा घेऊन फळीकडं वळलो की मागं ती भोकात मूठ सोडत होती. आईच्या पोटातलं काढलं की ओटी भरायची, एवढा साधा व्यवहार. तळाशी पडलेली ती ओटी पुढच्या फेरीला नळीत शिरून वर यायची, आणि आम्ही तिला चार हजार वर्षांची म्हणून मिरवत होतो.

खोटं कशाला बोलू, मला रडू कोसळलं. भात गेला ते गेलाच. पण वरून मिसळ झाली म्हटल्यावर त्याच थरात मिळालेल्या जायफळाच्या कणांवर तरी कोण विश्वास ठेवणार? आजच्या जायफळाचा पराग मुठीबरोबर खाली गेला नसेल कशावरून, असं पहिल्या रांगेतला कुणीही विचारेल, आणि बरोबरच विचारेल. तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं. वर दुसरं भोक पाडायचं नाही, असा देवीचा कौल.

सर खोलीत परिषदेचं भाषण लिहीत बसले होते. मी चिरलेला तुकडा त्यांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी पाकळी पाहिली. चिमट्यानं उचलून उजेडात धरली. मी अडखळत सगळं सांगितलं, झेंडू, भात, काकीचा पदर. सांगताना त्यांच्याकडं बघायचं धाडस होत नव्हतं.

मग एक चमत्कारिक आवाज आला. मला वाटलं सरांना ठसका लागला. बघते तर सर हसत होते. खांदे हलत होते, चष्मा नाकावर उतरला होता, डोळ्यांतून पाणी गळत होतं.

"बिरादार," ते कसेबसे म्हणाले, "मी तुझा गजरा काढायला लावला होता!"

मग मलाही आवरेना. शिपाई दार उघडून बघून गेला आणि दार लावून घेतलं. हसून झाल्यावर सरांनी भाषणाचे कागद फाडले, परिषदेला तार केली की व्याख्यान रद्द, आणि ज्यांना पेढे दिले होते त्या एकेकाकडं जाऊन स्वतः सांगून आले. काहींनी टोमणे मारले. सर म्हणाले, मारू देत, पेढे तरी चांगले होते. पण परत येऊन खुर्चीत बसले तेव्हा त्यांचा चेहरा उतरलेला होता. निवृत्तीला दोन महिने राहिले होते.

"दुसरं भोक," ते म्हणाले. "विचारून बघू. नाही म्हणाली तर नाही."

शिमगा उरकल्यावर आम्ही पुन्हा मळेखोलच्या देवळात बसलो. वाटेत सरांनी मला बजावलं होतं की काकीचं नाव काढायचं नाही. गावासमोर बिचारीला खाली मान घालायला लागेल, आणि तिनं केलं ते भक्तीनंच केलं. तेव्हा आम्ही दाजींना एवढंच सांगितलं की अभ्यासाला माती कमी पडली, आणखी हवी. दाजींनी तसंच देवीसमोर मांडलं. गुरवानं पाकळ्या लावल्या.

डावी पडली. टपकन पडली, विचार न करता पडल्यासारखी.

सर उठून उभे राहिले, देवीला नमस्कार केला, आणि माझ्याकडं बघून जेमतेम हसले. असं हसणं बघण्यापेक्षा त्यांनी रागावलेलं परवडलं असतं. आम्ही पायऱ्यांकडं वळलो, तेवढ्यात बायकांतून भामाकाकीचा आवाज आला.

"थांबा मा जरा. पयल्या मातयेचा काय झाला, ता सांगलास नाय. देवीपुढे अर्धा सांगून कसा चलात?"

सर म्हणाले, काही नाही, कमी पडली. काकी माझ्याकडं वळली. "तू सांग गो चेडवा."

मी सरांकडं पाहिलं. ते मानेनं नको म्हणत होते. पण काकी माझ्या डोळ्यांत बघत होती, आणि त्या डोळ्यांपुढं थाप मारणं मला काही जमलं नाही. मी सांगितलं. मातीत फुलं आली, भात आला, जुनं आणि नवं एक झालं, त्यामुळं जुनी झाडं नक्की किती जुनी ते सांगता येईना.

सगळ्या देवळानं काकीकडं मान वळवली. दाजींच्या भुवया कपाळात गेल्या. सरांनी डोळे मिटून घेतले. काकी मात्र जराही खजील झाली नाही. ती पदर खोचत सरळ पुढं आली.

"मगे? आवशीच्या पोटातला काढून नेलास, नि मी तिका रिती ठेवतंय?" मग क्षणभर थांबून सरांना म्हणाली, "पन तुमी माका आदी सांगूचा होता. मी शेवटाक भरलंय असतंय. येकदाच."

एवढं साधं होतं ते. मला स्वतःच्या शहाणपणाचं हसू आलं. काकी देवीकडं वळली. कौल दाजींनी मागायचा असतो, बायकांनी नाही. पण दाजी बाजूला झाले, कारण काकीला त्या वेळी अडवणं त्यांच्या आवाक्यातलं काम नव्हतं. ती देवीशी बोलली ती शेजारणीशी बोलावं तशी. आई, चूक कोणाचीच नाही, मी दिलं ते तुला पोचलं. आता ह्यांना त्यांची माती काढू दे, मी हात बांधून बसते, शेवटचा तुकडा निघाला की तुझी ओटी भरते. "मान्य असात तर उजवी दी."

गुरवानं पाकळ्या लावल्या, आणि त्याचा हात पुरता मागं यायच्या आत उजवी पडली. कोणीतरी पाठीमागून म्हणालं, देवी पण काकीक घाबरता. देऊळभर हशा झाला, आणि त्यात काकीचाही होता.

दुसरं भोक पहिल्यापासून हातभर अंतरावर पाडलं. काकी दिवसभर हात मांडीखाली दाबून बसली. शेवटचा तुकडा फळीवर पोचल्यावर तिनं सरांकडं पाहिलं, सरांनी मान हलवली, आणि तिनं निवांतपणे सगळा पदर रिकामा केला.

एप्रिलअखेर सर निवृत्त झाले. शाल, श्रीफळ, भाषणं झाली. त्यांच्या खोलीला दुसऱ्याच्या नावाची पाटी लागली, आणि आमचे तुकडे अजून उकळत होते. दुसऱ्या दिवसापासून सर प्रयोगशाळेत आले नाहीत. जागा सोडली की सोडली, असा त्यांचा बाणा. मी रोज एकेक थर मोजत खाली जात होते. पाऊस आटल्याच्या खुणा आल्या. मोठ्या झाडांचे कण घटत गेले, गवताचे वाढत गेले, शेवटी काचेवर बघावं तिकडं गवतच गवत. भोवतालचे डोंगर उघडे पडले होते. आणि त्या गवताच्या गर्दीत, प्रत्येक काचेवर, मोजके पण ठळक, जायफळाचे कण. सगळ्यांत कोरड्या थरातही होते. तुकड्याच्या डोक्यावरही होते, पायाशीही होते. झेंडू नव्हता, भात नव्हता. मी तीनदा मोजून पाहिलं.

सरांच्या घरी फोन केला तर ते भाजी आणायला गेलेले. मी रिक्षा करून मंडईत गेले. सर कैऱ्या निवडत होते. मी धापा टाकत म्हणाले, "सर, आहे. जायफळ आहे. सगळ्या थरांत."

सरांनी हातातली कैरी ठेवली आणि तिथंच कांद्याच्या पोत्यावर बसले. भाजीवाली म्हणाली, काका, बरं वाटत नाही का? सर म्हणाले, "बाई, फार बरं वाटतंय." मग मला म्हणाले, "चल. आधी त्यांना सांगून येऊ. ज्यांना विचारलं त्यांना उत्तर नको का सांगायला?"

मे महिना होता. मळेखोल मुंबईच्या चाकरमान्यांनी भरून गेलं होतं, घराघरांत फणस फुटत होते. दाजींनी देवळात माणसं बोलावली. सरांनी त्यांना सगळं समजावलं आणि मग मागं जाऊन खांबाला टेकून उभे राहिले. दाजींनी नारळ हातात घेतला आणि देवीसमोर गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली.

"हे आई सातेरी! हो पुण्याचो मास्तर तुजी माती घेवन गेल्लो, तो आज परत इलो हा. चार हजार वर्सांमागे पावस आटलो, म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" अख्खं देऊळ म्हणालं.

"भोवतालचा रान सुकला, डोंगरार नुसता गवात उरला, म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"पन तुज्या ह्या खोलग्यात जायफळ उभा रवला! ता मेला नाय, म्हाराजा!"

ज्या वाक्यावर तीस वर्षं माणसं खोकली, त्याला म्हातारे, बायका, मुंबईची पोरं, सगळे एका सुरात "होय म्हाराजा" म्हणाले. मी मागं वळून पाहिलं. सर हात जोडून उभे होते, गालावरून पाणी वाहत होतं, ते पुसायचंही त्यांना भान नव्हतं. गाव म्हणायचं थांबलं तरी त्यांचं संपलं नव्हतं, ते अजून एकदा, एकटेच, मोठ्यानं म्हणाले, "होय महाराजा."

दाजी त्यांच्यासाठी थांबले, आणि मग नारळ फोडला.